आधी कागद, मग पैसे

प्रिय मुली,

आईचं सगळं करता यावं म्हणून तू नोकरीचे तास कमी केलेस आणि तिच्या खात्यातून दरमहा थोडे पैसे घेऊ लागलीस, तर भावाने हिशेब मागितला. सेवेचे पैसे घेण्यात गैर नाही, हे तुला सांगायला नको. अडचण अशी की पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (आईच्या वतीने व्यवहार करण्याचं मुखत्यारपत्र) तुझ्याकडे आहे, म्हणजे चेक देणारीही तू आणि घेणारीही तूच. म्हणून आधी कागद, मग पैसे.

तो दस्त पुन्हा वाच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मुखत्याराला वाजवी मोबदला घेता येतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र दस्तातच तसं लिहिलेलं लागतं. पण तो मोबदला बिलं भरण्याचा, बँकेच्या कामांचा. अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं यासाठी वेगळा केअर अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे सेवेचा लेखी करार, कर. त्यात कामं, आठवड्याचे तास, ताशी दर आणि पैसे देण्याचा वार हवा. दर मनाने ठरवू नकोस. जवळपासच्या दोन-तीन होम केअर एजन्सींकडून लेखी घे. त्यांच्या दरात नफा आणि इतर खर्चही असतो, तेव्हा त्याहून थोडा कमीच धर. आईला समजतंय तोवर वकिलासमोर तिची सही घे. समजत नसेल तर दोन्हीकडे तूच सही करू नकोस, वृद्धांचे कायदे पाहणाऱ्या वकिलाला विचार.

आणि करारावर मागची तारीख टाकायची नाही! नर्सिंग होमसाठी मेडिकेडचा (कमी उत्पन्न असलेल्यांचा आरोग्यखर्च उचलणारी सरकारी योजना) अर्ज केला की बहुतेक राज्यांत मागच्या 60 महिन्यांचे व्यवहार तपासतात. घरच्यांनी केलं ते मायेपोटी, फुकट, असंच धरलं जातं. करार नसेल तर तू घेतलेली रक्कम भेट ठरते. त्या रकमेला राज्यातल्या नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागतात, आणि येतील तितके महिने मेडिकेड तो खर्च देत नाही. हे महिने मोजले जातात ते आईची शिल्लक संपल्यावर! आतापर्यंत घेतलेल्या पैशांची खरी यादी कर आणि तीच वकिलाला दाखव.

‘आमच्या घरात असं लिहून घेत नाहीत’ हे मला सांगू नकोस. मी यावर हटून बसतो म्हणून लोक मला कोरडा म्हणतात. म्हणोत. कागदाने माया आटत नाही, संशय मात्र आटतो.

रोज वही लिही: ‘मंगळवार, 7 ते 9.30, अंघोळ, पायाचं ड्रेसिंग, इन्सुलिन.’ पैसे चेकनेच घे, रोख नको. उत्पन्न करात दाखव. तुझे तास आणि कामं आईच ठरवत असेल तर ती तुझी मालक ठरू शकते. 2025 मध्ये वर्षाला 2,800 डॉलर झाले की सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांचा कर लागत होता; या वर्षीची रक्कम तपासून घे. मुलांना त्यातून सूट आहे, पण ती 21 वर्षांखालच्यांना.

पुढे आईच्या सेवेचा पगार तुला मेडिकेडच देणार असेल तर तिथला नियम आधी विचार. कित्येक राज्यांत आईच्या वतीने तासांवर सही करणारा स्वतः पगारी सेवक होऊ शकत नाही. तिथे भावाला सही करू दे, तासही त्याच्या डोळ्यांसमोर राहतील.

आणि थकबाकी साठू देऊ नकोस. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आईबरोबर संपते. त्यानंतर राहिलेले पैसे तुला तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्याकडे मागावे लागतील, आणि तो पहिल्यांदा करारच मागेल.