हृदयाची झडप की पडदा?

प्रश्न : आईच्या एकोच्या रिपोर्टात 'मायट्रल स्टेनोसिस' आलंय. मामा म्हणतात पडदा खराब झालाय, शेजारचे म्हणतात व्हॉल्व्ह ब्लॉक झालाय. मराठीत नेमकं काय म्हणायचं?

पडदा तर मुळीच नाही! पडदा म्हणजे डाव्या-उजव्या कप्प्यांमधली भिंत. 'पडद्याला भोक' हे दुखणंच वेगळं, बहुधा जन्मजात. रोज कानावर पडणारे ते 'ब्लॉकेज'ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले. झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह, बिघडते ती दोन तऱ्हांनी : नीट उघडत नाही, नाहीतर नीट मिटत नाही. स्टेनोसिस म्हणजे पहिली तऱ्हा. मायट्रल ही हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप; निरोगी असताना तिची वाट ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा) येऊन गेला असेल, तर पुढे झडपेच्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटत जाऊ शकतात आणि आजार वाढला की ती वाट १.५ किंवा त्याहूनही कमी उरते.

लॅटिन 'वाल्वा' म्हणजे दाराची फळी. संस्कृत 'कपाट'ही तेच, आणि आपलं कवाड त्याच कपाटातून आलेलं. हिंदीवाल्यांनी व्हॉल्व्हला कपाट केलं, त्यांना ते शोभतं; बद्रीनाथाचे कपाट उघडतातच. पण आपले काही पंडित मराठीतही 'कपाटिका' आणू बघतात, ते मला साफ नामंजूर आहे. मराठी घरात कपाटात साड्या ठेवतात.

झडप बघा! खिडकीची झडप, घारीची झडप. माझ्या मते दोन्हींत तोच 'झट्'चा झपाटा आहे. हृदयाच्या झडपेला स्वतःचे स्नायू नसतात. रक्ताचा दाब फिरला की ती मिटते, आणि मायट्रल तर उलटू नये म्हणून खालून बारीक दोऱ्यांनी ताणून धरलेली असते. निरोगी झडप उघडताना आवाज करत नाही, मिटताना करते. स्टेथोस्कोपमधला 'लब' मायट्रल आणि तिची उजव्या बाजूची जोडीदार ट्रायकस्पिड मिटण्याचा, 'डब' महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या तोंडच्या झडपांचा. मिटण्याचा हा ठोका कपाटिकेत कुठे ऐकू येतो?

आणि 'मायट्रल'! १६व्या शतकात शरीररचनेचा अभ्यासक वेसालियस याला या दोन पाकळ्यांत बिशपची टोपी, म्हणजे मायटर, दिसली. वसईच्या चर्चमध्ये मोठ्या सणाला बिशपच्या डोक्यावर पुढे-मागे दोन उभ्या टोकांची टोपी बघितली असेल, तीच. शाळेतली 'द्विदल झडप' बरोबर आहे, पण तिच्यात ती टोपी नाही.

मामांना सांगा, आईची झडप अरुंद झालीय.