वारीत दोन मिनिटांत पोर्ट्रेट काढायचं तर कॅमेऱ्याबाहेरचा फ्लॅश कुठला घ्यावा?

तुम्हाला दिवे घाटात वारकऱ्यांची पोर्ट्रेट काढायची आहेत, एकेका माणसामागे फार तर दोन मिनिटं मिळणार, आणि कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशने चेहरे सपाट येतात.

फ्लॅश कुठला, याआधी तो धरणार कोण ते ठरवा. गर्दीत लाइट स्टँड नकोच. उघड्यावर वारा आला की छत्री लावलेला स्टँड आडवा होतो, आणि दिंडी चालत असताना रस्त्यात पाय पसरून उभी केलेली वस्तू कुणाच्या तरी पायात येणारच. सोबत एक मित्र घ्या, मोनोपॉडच्या (एकपायी दांड्याच्या) टोकाला फ्लॅश आणि त्यावर ६० सेंटिमीटरचा, उजेड मऊ करणारा, मिटवता येणारा सॉफ्टबॉक्स लावा, आणि तो त्याच्या हातात द्या. ‘जरा वर घे, डावीकडे ये’ म्हटलं की लाइट हलतो. हे कुठल्याही स्टँडला जमत नाही.

फ्लॅश साधा, मॅन्युअल घ्या. गोडॉक्सचा टीटी६०० आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीला चालणारा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून फ्लॅश दुरून उडवणारा) एवढ्यावर काम होतं. टीटीएलसाठी, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवण्याच्या सोयीसाठी, जादा पैसे घालू नका असंच मी म्हणेन. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हात रापलेला चेहरा एका फ्रेममध्ये आले की टीटीएल दर फोटोला वेगळं काहीतरी ठरवतं. सेल मात्र रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचेच, चार-चारचे दोन संच.

आता मुख्य गोष्ट: अंतर पक्कं करा. लाइट १ मीटरवरून १.४ मीटरवर गेला की उजेड निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप गेला. सॉफ्टबॉक्सच्या कडेला मीटरभर सुतळी बांधून ठेवा. मित्राने ती माणसाच्या खांद्यापर्यंत ताणून पाहायची आणि सोडून द्यायची. अंतर तेच राहिलं तर फ्लॅशची ताकदही तीच राहते, आणि तुम्ही बटणांऐवजी समोरच्या माणसाकडे बघू शकता.

पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडात आयएसओ १००, शटर १/२००, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/५.६ पासून सुरुवात करा. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. मागचा डोंगर किंचित गडद दिसला पाहिजे. मग फ्लॅश १/८ ताकदीवर लावून चेहरा बघा. मागचं आणखी गडद हवं असेल तर छिद्र लहान करून फ्लॅश तेवढाच वाढवा. शटर १/२०० किंवा १/२५०च्या पुढे नेलं (कॅमेऱ्याप्रमाणे) तर फोटोत काळी पट्टी येते. हायस्पीड सिंकने (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणाऱ्या सोयीने) ती टळते, पण फ्लॅशची ताकद बरीच घटते. ही सगळी चाचणी मित्रावर करा. माऊलींना थांबवून, हात जोडायला लावून मग मेन्यू चाळत बसणं बरं दिसत नाही.

ऊन पडलं तर गणित बदलतं. भर उन्हात आयएसओ १००ला एफ/११च्या पुढे जावं लागतं, आणि सॉफ्टबॉक्समधून छोट्या फ्लॅशला तेवढं झेपवायला जवळजवळ पूर्ण ताकद लागते. मग दर फोटोनंतर दोन-तीन सेकंद थांबा. त्यापेक्षा माणसाला झाडाच्या किंवा टेम्पोच्या सावलीत घ्या, नाहीतर ऊन पाठीमागे ठेवा. रोज उन्हातच काम असेल तर गोडॉक्सचाच २०० वॉट-सेकंदांचा, जास्त ताकदीचा एडी२०० घ्यावा, पण तो किलोभर वजन मोनोपॉडच्या टोकाला धरून मित्राचे हात भरून येतील.

सॉफ्टबॉक्सचा मधला भाग थेट माणसावर रोखू नका, थोडा त्याच्या नाकापुढून जाऊ द्या. कडेचा मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो आणि पांढरा सदरा जास्त उजेडाने फुटत नाही. चष्मा असेल तर लाइट वर न्या.

पावसासाठी फ्लॅशवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड खालून सैल ठेवा, नाहीतर आत वाफ धरते. आणि ट्रिगरचा चॅनल १ वर ठेवू नका. वारीत फोटोग्राफर भरपूर, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे गोडॉक्सचेच ट्रिगर. दुसऱ्याने शटर दाबलं की तुमचा फ्लॅश उडतो. चॅनल ३२ आहेत, मधलाच एखादा धरा.