रौप्यमहोत्सव करायचाय, पण देणगीचा पैसा स्टेजवर घालवायचा नाहीये

प्रश्न : ताई नमस्कार, डोंबिवलीत आमचं छोटं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड चेअर, फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर उचलता येणारी खाट), एअर बेड (पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी) असं सगळं डिपॉझिट घेऊन वापरायला देतो, वस्तू परत आली की डिपॉझिट परत. येत्या जानेवारीत २५ वर्षं पूर्ण होतायत आणि कार्यकारिणीत दोन तट पडलेत. तरुण मंडळींना मोठा हॉल, ऑर्केस्ट्रा, आमदारसाहेब, सगळ्यांना सन्मानचिन्हं असा दणदणीत कार्यक्रम हवाय, आणि सुरुवातीपासूनचे काका लोक म्हणतात लोकांनी पेशंटसाठी दिलेला पैसा असा उडवायचा नाही. कोणी तरी असंही सुचवलं की कायम निधीतली एक एफडी मोडू. मी सचिव आहे, दोन्हीकडून बोलणी खातेय. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी ती एफडी. तिला हात लावू नका. कायम निधी म्हणून ज्यांनी पैसे दिले त्यांनी ते टिकून राहावेत म्हणून दिलेत, उद्या ऑडिटमध्ये प्रश्न निघाला की सही तुमचीच असणार. त्यापेक्षा कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये रीतसर ठराव करा, इतिवृत्तात लिहा, की रौप्यमहोत्सवासाठी वेगळा निधी जमवायचा आणि खर्च तेवढ्यातच बसवायचा. पावतीवर 'रौप्यमहोत्सव निधी' असं स्पष्ट लिहा म्हणजे देणाऱ्याला कळतं आपण कशासाठी देतोय. ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी नोंदणी) असेल तर देणगीदाराचा पॅन आणि पत्ता पावती फाडतानाच घ्या, नंतर फोन करत बसावं लागतं, आणि २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत मिळत नाही हे आधीच सांगून टाका. स्मरणिका काढणार असाल तर जाहिरातीच्या पैशाला देणगीची पावती देऊ नका, जाहिरात ही जाहिरात. बाकी बारकावे तुमच्या सीएंना विचारा.

आता मुख्य मुद्दा. तुमची तरुण मंडळी आणि काका दोघंही बरोबर आहेत असं मला मनापासून वाटतं. २५ वर्षं कोणी तरी दार उघडून बसलं, रात्री-अपरात्री फोन आला तर उठून बेड काढून दिला, हे गावासमोर यायलाच पाहिजे, आणि त्यात आनंदही पाहिजे. फक्त तो आनंद तुमच्या कामातून आलेला दिसू दे. ऑर्केस्ट्रा कुठल्याही मंडळाच्या कार्यक्रमात असतो हो, त्यात तुमचं केंद्र कुठे दिसणार?

म्हणून माझं ऐकाल तर स्टेज छोटं करा आणि हॉलच्या दोन बाजूंना टेबलं मांडा. एकावर वॉकर ठेवा आणि तुमच्यातल्या कोणी तरी दाखवा की हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथे वॉकरची मूठ आली पाहिजे, पायाखालचं रबर झिजलं की लगेच बदलायचं, नाहीतर ओल्या फरशीवर माणूस घसरतो. दुसऱ्यावर एअर बेड चालू करून ठेवा. बरेच जण त्यावर जाड गोधडी घालतात आणि मग त्याचा उपयोगच राहत नाही, एक पातळ चादर पुरे, आणि एअर बेड असला तरी पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तिसऱ्यावर व्हीलचेअर, आधी दोन्ही ब्रेक लावायचे, फूटरेस्ट वर घ्यायचे, मगच माणसाला बसवायचं किंवा उठवायचं. घरी म्हातारं माणूस असलेला प्रत्येक जण या टेबलांशी थांबेल बघा, भाषणाला थांबणार नाही. आणि तुमच्या तरुणांना करायला खरं काम मिळेल, नुसतं पाहुण्यांना बुके देत फिरण्यापेक्षा.

भाषणं मात्र कापा. पाहुणे एकच, आमदारसाहेब आले तर स्वागतच, पण वेळ आधी ठरवून सांगा. त्यापेक्षा तुमच्याकडून वस्तू नेलेल्या दोन-तीन घरांतल्या माणसांना बोलू द्या, अर्थात त्यांची इच्छा असेल तरच. रजिस्टरमधली नावं किंवा फोटो परवानगीशिवाय बॅनरवर टाकू नका प्लीज, कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलं होतं ही त्या घराची खासगी गोष्ट आहे. सत्कार करायचाच तर वस्तू धुऊन-पुसून ठेवणाऱ्या मावशींचा आणि बेड चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याचा पहिला करा, देणगीदारांचा नंतर.

हॉल तळमजल्याचाच घ्या. आत जायला रॅम्प हवा, टॉयलेटही जवळ आणि कमोडचं हवं. ज्यांना तुम्ही व्हीलचेअर दिली त्यांनाच जिने चढायला लावलं तर फार वाईट दिसेल. रविवारी सकाळी १० ते साडेबारा ठेवा, ज्येष्ठांना बरं पडतं आणि लाउडस्पीकरची रात्री १० ची कटकट राहत नाही. शेवटी मसालेभात, मठ्ठा, जिलेबी. बस झालं.

आणि दाराशी एक वही ठेवा, आठवड्यातून दोन तास केंद्रात बसायला कोण येईल त्याची. काका लोक आणखी किती वर्षं बसणार, हा प्रश्न तुमच्या मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने विचारत नसेल, पण तोच खरा आहे. वहीत नाव लिहिणाऱ्याला त्याच आठवड्यात फोन करा, महिना गेला की उत्साह मावळतो.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेला पुण्यात १० वर्षं होतायत. एक बिल्डर म्हणतोय सगळा खर्च मी करतो, फक्त बॅनर माझा पाहिजे. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण सगळं आधी लेखी ठरवा. पैसे संस्थेच्या खात्यात चेकने येऊ देत, हॉल आणि केटररला तुम्ही द्या. स्टेजच्या मागे फक्त अभ्यासिकेचं नाव, त्यांचा बॅनर प्रवेशद्वाराशी, साइज ठरलेली. मुलांच्या हातात त्यांची पत्रकं वाटायला द्यायची नाहीत हेही लिहून घ्या. याला ते तयार नसतील तर चहा-बिस्किटांवर कार्यक्रम करा, दहा वर्षांत तिथे बसून अभ्यास केलेली आणि आता नोकरीला लागलेली मुलं वर्गणी काढतील, त्यांना एकदा विचारून तर बघा.