प्राण्यांच्या शेल्टरला मदत करायचीय? आधी फोन कर

पहिल्यांदा जाताना बिस्किटांचे पुडे नेऊ नकोस. मी नेले होते. तिथल्या मावशींनी हसून ते चहाबरोबर सगळ्यांना वाटले. काय हवंय ते आधी विचार. बहुतेक वेळा उत्तर येतं, रद्दी. पिंजऱ्यात अंथरायला रोज लागते. जुन्या चादरी, टॉवेलही घेतात, पण कापसाच्या उशा नकोत, पिल्लं फाडून कापूस गिळतात. आणि फिनेल तर मुळीच नको. मांजरांना ते विषारी असतं, तरी लोक हौसेने कॅनच्या कॅन आणून देतात!

पैसे द्यायचे तर महिन्याला २०० का होईना, पण न चुकता दे. संस्थेला ८०जी (देणगीवर करसवलतीची मान्यता) असेल तर पावती घे, जुन्या करप्रणालीत सवलत मिळते.

घरी कुत्रं असेल तर परत आल्यावर चपला दाराबाहेर, कपडे थेट धुवायला. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू चपलांच्या तळव्यांना चिकटूनही घरात येतो. तुझ्या पिल्लाचे लसीचे डोस पूर्ण व्हायचे असतील तर सध्या जाऊच नकोस, रद्दी कुणाकरवी पाठव.

सोसायटीत मात्र आत्ताच सांगून ठेव. जून लागला की कोरडी रद्दी शोधून सापडत नाही.