एकाच काठावरची दुर्बीण आणि बंदूक

प्रिय पक्षिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तळ्यावर दिसलेल्या त्या बदकाचे वर्णन तू बारकाईने केले आहेस. मात्र पत्राचा निम्म्याहून अधिक भाग समोरच्या काठावर बंदुका घेऊन बसलेल्या माणसांवरील संतापाने भरलेला आहे, आणि अगदी शेवटी तू विचारतोस की त्या बदकाचे छायाचित्र ठिकाणासह सर्वांना कळवावे का. आधी या प्रश्नाचे उत्तर देतो. शिकारीचा हंगाम संपेपर्यंत ठिकाण जाहीर करू नकोस. त्या भागातील वन्यजीव अधिकाऱ्यांना आणि पाणपक्ष्यांची गणना करणाऱ्यांना मात्र आजच कळव.

हे सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. तुझ्या वयाचा असताना मी एक बदक दुर्मिळ म्हणून मोठ्या उत्साहाने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी काठावर गर्दी जमली, कोणीतरी अधिक जवळून पाहण्यासाठी पाणगवतात शिरले आणि सगळा थवा उठून निघून गेला. पुढे छायाचित्रे नीट तपासल्यावर ते बदक दोन सामान्य जातींचा संकर निघाले, ही फजिती वेगळीच. पण मनाला जे लागून राहिले ते दुसरेच. आमच्यामुळे उठलेला थवा सुरक्षित पाण्यावरून थेट बंदुकांच्या दिशेने गेला होता. त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही हातात शस्त्र नव्हते, तरीही पक्ष्यांना बंदुकीसमोर नेले ते आम्हीच.

आता तुझ्या संतापाविषयी. जिथे शिकारीला पूर्ण बंदी आहे तिथे बंदूक घेऊन बसलेला माणूस गुन्हा करतो आहे. त्याच्याशी एकट्याने वाद घालायला जाऊ नये, वेळ आणि जागा टिपून तक्रार करावी, एवढेच. जिथे परवाना, हंगाम आणि संख्येची मर्यादा ठरवून शिकार चालते, तिथला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो तू समजून घ्यावास अशी माझी इच्छा आहे. तिथे दुर्मिळ पक्षी पुष्कळदा द्वेषामुळे नव्हे, तर ओळख न पटल्यामुळे मरतो. बदकांचे नर विणीनंतर आपली रंगीत पिसे टाकून मादीसारखा मळकट वेष धारण करतात, आणि अनेक ठिकाणी हंगाम सुरू होतो तेव्हा त्यांतील बरेच जण त्याच वेषात असतात. त्यात वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची, आणि पक्षी उजळ आकाशासमोर काळी आकृती होऊन अंगावर येणारा. युरोप आणि आशियात ‘लेसर व्हाइट-फ्रंटेड गूज’ हा दुर्मिळ हंस त्याच्या मोठ्या आणि विपुल भाऊबंदांच्या थव्यांत मिसळून उडतो. त्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीतून, सहज दिसते, पण उडत्या थव्यावर नेम धरलेल्या माणसाला ते दिसण्याची शक्यता नगण्य असते. डोळ्याचा, चोचीचा, पंखावरच्या पट्ट्याचा, उडण्याच्या ढबीचा जो अभ्यास तू वर्षानुवर्षे केलास, तो त्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. आणि शिव्या देणाऱ्याकडून कोणी पक्षी ओळखायला शिकत नाही.

दुर्बीणवाले सज्जन आणि बंदूकवाले दुर्जन, अशी विभागणी इतिहासातही टिकत नाही. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट हे तरुणपणी पाणपक्ष्यांचे पट्टीचे शिकारी होते. त्यांनीच 1946 मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. हवाई बेटांवरचा ‘नेने’ हा हंस तेव्हा जेमतेम काही डझन उरला होता. 1950 च्या दशकात स्लिमब्रिजला त्याची पैदास सुरू झाली आणि पुढे तिथे वाढलेले पक्षी हवाईत परत सोडण्यात आले. इथवरची कथा सर्वांना आवडते. पण त्याच स्लिमब्रिजच्या संग्रहातून 1950 च्या दशकात ‘रडी डक’ ही अमेरिकी बदके निसटली, ब्रिटनभर वाढली आणि पुढे स्पेनपर्यंत पोहोचली. स्पेनमध्ये पांढऱ्या डोक्याची बदके 1977 मध्ये अवघी 22 मोजली गेली होती; शिकार थांबवून आणि तळ्यांना संरक्षण देऊन ती मोठ्या कष्टाने पुन्हा वाढवली जात होती. अमेरिकी पाहुण्यांनी त्यांच्याशी संकर सुरू केला, आणि ही संकरित पिल्लेही प्रजननक्षम असल्यामुळे मूळ जातच विरघळून जाण्याची वेळ आली. अखेर ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या बंदूकधाऱ्यांकरवी हजारो रडी डक मारण्यात आली. या निर्णयावर पक्षिनिरीक्षकांमध्येच तीव्र मतभेद झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो, मात्र तो निर्धास्तपणे योग्य म्हणणाऱ्याविषयी मला थोडी शंका वाटते. एका जातीला वाचवणाऱ्या जागेतून दुसऱ्या जातीवरचे संकट निघाले आणि ते निवारण्यासाठी बंदूकच लागली, हे तू मनात ठेवावेस.

ज्या एका बाबतीत शिकाऱ्यांशी कठोरपणे बोलायलाच हवे, ती शिशाच्या छर्ऱ्यांची आहे. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, आणि चिखलात पडलेला छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. पोटातील दळणीत तो झिजतो, शिसे रक्तात उतरते, पक्षी अशक्त होतो, त्याचे पंख लोंबू लागतात आणि तो पाणगवतात कुठेतरी गुपचूप मरतो. म्हणजे नेम चुकलेला छर्राही अनेक वर्षांनी जीव घेऊ शकतो. तळातील गाळ चाळून खाणारी ती पांढऱ्या डोक्याची बदकेही यातून सुटली नाहीत. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद केले, आणि युरोपीय संघात पाणथळ जागांवर ही बंदी फेब्रुवारी 2023 मध्ये लागू झाली. पोलादी छर्रे उपलब्ध आहेत. ‘त्याने मार नीट बसत नाही’ ही तक्रार तुझ्या कानी येईलच. तेव्हा न चिडता, ते छर्रे वजनाला हलके असल्याने अंतर कमी ठेवून आणि थोडे मोठे छर्रे घेऊन नेम धरावा लागतो, हे त्यांना सांगता आले पाहिजे.

त्यांच्याकडून घेण्यासारखेही आहे. अमेरिकेत 1934 पासून पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी ‘डक स्टॅम्प’ नावाचे एक तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्या पैशातून दलदली व पाणथळ जमिनी राखल्या जातात. आज अनेक पक्षिनिरीक्षकही ते स्वेच्छेने घेतात. संशोधकांनी ओळखीसाठी पायात वळे घातलेल्या बदकांची माहिती बहुतांशी शिकाऱ्यांकडूनच परत येते. काही देशांत ते मारलेल्या पक्ष्याचा एक पंख संशोधकांकडे पाठवतात, त्यावरून त्या वर्षी पिल्ले किती जगली याचा अंदाज बांधता येतो. ज्याला तळे आटल्याचे दुःख होते, तो माणूस बंदूक घेऊन आला असला तरी तळ्याच्या बाजूचा आहे. तळे बुजवणारा मात्र एकही गोळी न झाडता सर्व पक्षी संपवतो.

म्हणून पक्ष्यांच्या नोंदींची तुझी वही मला छायाचित्रापेक्षा मोलाची वाटते. 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळ जागांच्या कराराखाली ठरलेला एक साधा निकष आहे : एखाद्या जागेवर नियमितपणे 20,000 पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या एकूण समूहापैकी एक टक्का पक्षी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानता येते. दुर्मिळ जातीचा एक टक्का म्हणजे कधी कधी बोटांवर मोजण्याइतके पक्षी. आणि ते ‘नियमितपणे’ येतात हे सिद्ध करायला एका सुंदर छायाचित्राचा उपयोग होत नाही, ओळीने अनेक हिवाळ्यांच्या कंटाळवाण्या नोंदी लागतात. शून्य आकडा आला तर तोही लिहावा. तू तो टाळतोस, हे तुझ्या मागच्या वहीत माझ्या लक्षात आले होते.

हंगाम संपल्यावर, बंदुका घरी असताना, त्या माणसांपैकी एखाद्याला तुझ्या स्कोपमधून पाहायला बोलाव. पहिल्या भेटीत काहीही समजावू नकोस. त्याला हिवाळ्यात पहिला थवा कोणत्या दिशेने येतो आणि रात्री कुठे चरायला जातो हे विचार. ते त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असण्याची शक्यता आहे. आणि त्या बदकाच्या चोचीच्या टोकाचा रंग तुझ्या पत्रात नाही. पुढच्या वेळी वाऱ्याची दिशा आणि सोबतच्या बदकांची संख्या यांबरोबर तोही लिहून पाठव. त्याशिवाय मी त्या जातीवर शिक्कामोर्तब करणार नाही.

तुझा हितचिंतक