टोरांटोत नाटक करता येईल का?

ओंकार, 'नाटककार-नट इन्स चोईला टोरांटोत नाटक जमलं, मग मला का नाही?' असं तू विचारलंस. पीआरचे (कायम वास्तव्याच्या परवान्याचे) पॉइंट, बँकेत किती पैसे दाखवायचे, हे सरकारी संकेतस्थळावर आहे, तिथेच वाच.

चोईचं आधी नीट बघ. जन्म सोलचा, पण कडेवर असतानाच कॅनडात आला, वाढला टोरांटोत, अभिनय शिकला यॉर्क विद्यापीठात. तरी त्याचं 'किम्स कन्व्हिनियन्स' हे नाटक करायला इथली नाट्यगृहं तयार नव्हती. शेवटी २०११च्या टोरांटो फ्रिंज या नाट्यमहोत्सवात त्याने ते स्वतः उभं केलं, मुलाची भूमिकाही स्वतःच केली. पुढच्या वर्षी सोलपेपर या इथल्या नाट्यसंस्थेने घेतलं, २०१६ला सीबीसी या सरकारी वाहिनीवर मालिका आली. इथेच वाढलेल्या पोराला पस्तिशी उलटावी लागली! आणि नाटक कोणावर? कोरियातली मास्तरकी सोडून इथे गल्ल्यावर बसणाऱ्या बापावर. तू तिशीत येणार. त्या नाटकात तुझ्या वाट्याला मुलगा नाही, अप्पाच, म्हणजे तो बापच येतो. माझ्याही आला.

कागदांचं मात्र सांगते, कारण अजून डोकं फिरतं. पीआरसाठी अनुभव दाखवायचा तर लेटरहेडवर हुद्दा, आठवड्याचे तास, पगार हवा. आपल्याकडे नाइटचं, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट मिळतं, तेही प्रयोग संपल्यावर विंगेत. एक निर्माता तर 'तालमीचे तास कोण मोजतं गं?' म्हणून हसला. कॅनडाच्या सरकारी व्यवसायांच्या यादीत नट, विनोदवीर आणि सर्कसवाले एकाच खान्यात, क्रमांक ५३१२१. मी आले ती विमा कंपनीतल्या नोकरीवर.

माझा मुलगा इंग्रजी माध्यमातला, तरी इथल्या शाळेने ईएसएलला, म्हणजे परभाषिक मुलांच्या इंग्रजीच्या तासाला बसवला. तो तास नेमका ड्रामाच्या वेळेला. पत्रं लिहिली, उत्तरं गोड आली, तास तोच राहिला. आता तो कोडिंग करतो, मजेत आहे. माझाच जीव तिथे अडकलाय.

एकटेपणा येतो, त्याचं काय एवढं. मंडळाच्या गणपतीत एकांकिका बसवतो, टाळ्या पडतात, वडे संपतात. पण अनोळखी माणूस तिकीट काढून येतो त्याची सर नाही.

२०२४ला लंडनच्या पार्क थिएटरमध्ये चोईने अप्पा केला. ते वाचलं त्या रात्री मी जुनी संहिता काढून मोठ्याने वाचत बसले, नवऱ्याची झोपमोड झाली.

फ्रिंजमधल्या बहुतेक जागा लॉटरीने मिळतात, परीक्षकांची मर्जी लागत नाही. अर्ज भर. नाव निघालं तर प्रॉम्प्टिंगला मी आहे. तालमी तेवढ्या शनिवार-रविवारी ठेव, मधल्या वारी रजा मिळत नाही.