सिंथेटिक बायॉलॉजी सांगलीकरांपर्यंत कलेतून कशी पोहोचवावी?

सिंथेटिक बायॉलॉजी म्हणजे सजीवांची जनुके बदलून किंवा नव्याने रचून त्यांच्याकडून हवे ते काम करून घेण्याचे शास्त्र; माझ्या मते त्याची सुरुवात वासापासून करावी. बंगळूरच्या कला-विद्यार्थ्यांनी २००९ साली आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ई. कोलाय जिवाणूकडून जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या गंधामागचे द्रव्य, बनवून घेण्याचा प्रकल्प मांडला होता; तो मृद्गंध ओळखायला हळदीच्या पेठेतील हमालाला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. मग, विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ जिथे रंगवले त्याच गावात, असा जिवाणू कोणाच्या मालकीचा आणि तो शेतात पसरला तर जबाबदार कोण, यावर एकांकिका करावी. भित्तिपत्रके नकोत (ती छापणाराच वाचतो). एकांकिकेत मधुमेही आजोबांचे पात्र अवश्य असावे, कारण जनुके बदललेल्या जिवाणूंनी बनवलेले इन्सुलिन १९८२ पासून औषध म्हणून वापरात आहे.